गाठोड्याची गोष्ट

शिंप्याच्या घरी दुसरे काही असो वा नसो, चिंध्यांचे एक गाठोडे असावयाचेच. या गाठोड्यापायी आपल्या वाडवडिलांनी टोमणेही पुष्कळ सोसले. शिंपी कापड मारतो, हा आरोप त्यांतलाच. तेव्हा हा संग्रह लोभातून जन्मला की आणखी कशातून, याचा विचार करणे उचित होईल.

धोतर, लुगडे, उपरणे ही वस्त्रे मागावरून उतरली की तशीच नेसावयाची. त्यांत कातरीस काम नाही, म्हणून चिंधीही नाही. बाराबंदी, अंगरखा, चोळी यांबरोबर कातर आली. कापड सरळ, परंतु गळा व काख गोल. त्यामुळे बेतणी कितीही काटकसरीची असली तरी तुकडे उरतातच. त्या तुकड्यामागे कातणाऱ्याचे, विणकराचे व रंगाऱ्याचे श्रम आहेत हे कारागिराचा हात जाणतो. तो फेकताना त्याच्या जिवावर येते.

दुसरे कारण व्यवहाराचे. तागा संपला की तोच रंग पुन्हा हुबेहूब मिळेल असा भरवसा नसे. वर्षाने कोपर फाटले तर ठिगळ जुळावे कसे? त्यासाठी तुकडा जपावा लागे. महायुद्धाच्या काळात, १९४३ साली, सरकारने सुती कापड व सूत यांवर नियंत्रण आणले. त्या टंचाईत गाठोड्यानेच आमच्या घरातील मुलांची अंगे झाकली, असे वडील सांगत.

तिसरे कारण माताभगिनींचे. ओटीत आलेला प्रत्येक खण त्या पेटीत जपून ठेवीत. गुळेदगुड्डचा खण हा केवळ चोळीचे कापड नव्हे. तो कोणाच्या लग्नातला, कोणाच्या बारशाचा, हे त्यांना तोंडपाठ असे. त्याच खणाची पुढे कुंची होई, जुन्या लुगड्याचे दुपटे होई आणि उरलेसुरले धावदोऱ्याने गोधडीत जाई.

संतशिरोमणी नामदेव महाराजांनी मनाला गजाची, जिभेला कातरीची उपमा दिली. त्यांचे ते पद १६०४ साली संकलित झालेल्या शिखांच्या आदिग्रंथात समाविष्ट आहे. ज्या व्यवसायाची हत्यारे भक्तीच्या कामी आली, त्याचे माप चोख असलेच पाहिजे.

आमचे वडील शिवलेल्या कपड्याबरोबर उरलेले तुकडेही पुडीत बांधून देत. "नको, ठेवा" असे गिऱ्हाईक म्हणाले तरच ते गाठोड्यात जात. तरीही एकदा भर बाजारात एका गृहस्थाने त्यांना चोर म्हटले. वडिलांनी निमूटपणे पुडी उघडून तुकडे कापडाच्या जागी जुळवून दाखविले. गृहस्थ खाली मान घालून गेले. परंतु वडील त्या रात्री जेवले नाहीत. सर्वच कारागीर असे चोख होते असे मी म्हणणार नाही. पण काहींच्या दोषाने साऱ्या समाजाच्या माथी डाग का यावा?

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर मुंबईच्या बहुतेक गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. त्यांचा शिक्का काठावर मिरविणारे कापड आता आपल्या पेट्यांतूनच सापडेल. आज तयार कपड्यांच्या दिवसांत सूनबाई ती पेटी अडगळ म्हणून काढू पाहतात. त्यांना एवढीच विनंती, की काढण्यापूर्वी घरातील वृद्धेजवळ बसून प्रत्येक तुकडा कोणाचा ते लिहून घ्यावे. ज्यांनी नवे कापड हौसेने साठविले आहे, त्यांनी त्याला सुईही लावावी. साठविलेल्या कापडाचे सार्थक अखेर कोणाच्या तरी अंगावर जाण्यातच आहे. इत्यलम्.