कंपाउंडरचा कागद

‘कंपाउंडर’ हा शब्द आता बोलण्यातून जवळजवळ गेला आहे. नव्या पिढीला तो विनोदी चित्रपटांतूनच ठाऊक असेल. पण ज्यांनी साठी ओलांडली आहे, त्यांना डॉक्टरांच्या खोलीला लागून असलेली ती लाकडी फळीची लहानशी खिडकी नक्की आठवेल. खिडकीमागे काचेच्या बरण्या, खल आणि बत्ता, गोळ्यांची पूड करून बांधलेल्या पुड्या. घरून आणलेली बाटली आत द्यायची आणि तांबड्या नाहीतर पांढऱ्या मिक्श्चरने भरून परत घ्यायची. बाटलीवर कागदाची खाचा पाडलेली पट्टी चिकटवलेली असे. एक खाच म्हणजे एक डोस. हे सगळे करणारा माणूस म्हणजे कंपाउंडर. डॉक्टर तपासत, पण औषध रोग्याच्या हातात पडे ते कंपाउंडरच्या हातून.

या माणसाच्या कामातली जोखीम लक्षात घ्या. त्या काळी औषधे ग्रेन, ड्रॅम आणि औंस अशा मापांनी तोलली जात. साठ ग्रेनचा एक ड्रॅम, आठ ड्रॅमचा एक औंस. डॉक्टरांच्या चिठ्ठीत ही मापे खुणांनी लिहिलेली असत आणि दिवसातून किती वेळा घ्यायचे, ते लॅटिन शब्दांच्या आद्याक्षरांनी. ग्रेनची खूण ड्रॅमची म्हणून वाचली गेली, तर औषध साठपट होणार! म्हणजे रोग्याचा जीव एका खुणेवर अवलंबून. मग प्रश्न असा पडतो, की ती खूण वाचायला या माणसाला कोणी शिकवले? त्याची परीक्षा कोणी घेतली? आणि त्याच्याकडे कागद कोणता होता? वैद्यकीय साहाय्यकाच्या शिक्षणाचा आपल्याकडचा सारा इतिहास या तीन प्रश्नांभोवती फिरतो.

आजचे छत्रपती संभाजीनगर, म्हणजे तेव्हाचे औरंगाबाद, हे १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. त्यामुळे आपल्या भागातली गोष्ट मुंबईत नव्हे, तर हैदराबादेत सुरू होते. १८४६ मध्ये, नासिरुद्दौला गादीवर असताना, तिथे एक वैद्यकीय शाळा निघाली. रेसिडेन्सीचे सर्जन डॉ. मॅक्लीन हे तिचे प्रमुख. शिकवायचे होते पाश्चात्त्य वैद्यक. पण शिकवण्याची भाषा होती उर्दू, आणि उत्तीर्ण होणाऱ्याला मिळणारी पदवी होती ‘हकीम’. शास्त्र नवे, नाव मात्र लोकांच्या ओळखीचे. यात एक शहाणपण होते. राज्याला हवी होती गावोगावच्या दवाखान्यांत बसणारी माणसे, आणि लोकांनी त्या माणसांवर विश्वास ठेवायला हवा होता.

याच शाळेतून १८८९ मध्ये रूपाबाई फर्दुनजी ही पारशी तरुणी ‘हकीम’ होऊन बाहेर पडली. गुंगी देण्याच्या शास्त्रात काम करणाऱ्या जगातल्या पहिल्या स्त्रियांमध्ये तिची गणना होते. त्या वेळी शाळेचे प्रमुख एडवर्ड लॉरी होते. क्लोरोफॉर्म देताना नाडीपेक्षा श्वासावर नजर ठेवा, असा त्यांचा आग्रह. त्यासाठी १८८८ आणि १८८९ मध्ये हैदराबादेत दोन ‘क्लोरोफॉर्म कमिशन’ बसली. क्लोरोफॉर्मने हृदय थेट बंद पडू शकते, हे पुढच्या संशोधनाने दाखवले आणि लॉरींचे मत मागे पडले. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. हाताखालच्या माणसाने नेमके काय बघायचे, हे तिथे ठरवून, घोकून, पुन्हा पुन्हा करून घेतले जात होते. शिक्षण म्हणजे हेच.

तिकडे मुंबई इलाख्यात प्रवाह वेगळा होता. ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये सुरू झाले, पण तिथले शिक्षण इंग्रजीतून आणि बाहेर पडणारे विद्यार्थी मोजके. तालुक्याच्या दवाखान्यांत जायला माणसे मिळेनात. म्हणून १८६१ मध्ये त्याच कॉलेजात मराठी आणि गुजराती वर्ग उघडले गेले. रखमाबाईंचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन मराठी वर्गात शिकवीत. त्यांनी मराठीत वैद्यकावर पुस्तकेही लिहिली. या वर्गांतून तयार होणाऱ्याला म्हणत ‘हॉस्पिटल असिस्टंट’, म्हणजे शब्दशः वैद्यकीय साहाय्यक. पुढे १८७०च्या दशकात मराठी वर्गाचे काम पुण्याच्या बैरामजी जीजीभॉय मेडिकल स्कूलकडे गेले. मिरजेला डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९७ मध्ये मिशनची वैद्यकीय शाळा काढली. नागपूरला १९१४ मध्ये रॉबर्टसन मेडिकल स्कूल उभे राहिले. हॉस्पिटल असिस्टंटला कालांतराने ‘सब असिस्टंट सर्जन’ असे भारदस्त नाव मिळाले, आणि शाळांतून बाहेर पडणारे ‘लायसेन्शिएट’, म्हणजे परवानाधारक डॉक्टर, म्हणून ओळखले जाऊ लागले. पगार कमी, मान त्याहून कमी. पण तालुक्याच्या गावी साथ आली की पहिल्यांदा तिथे पोचे तो हाच माणूस.

यांची संख्या किती होती? स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर सर जोसेफ भोर यांच्या समितीने देशभराच्या आरोग्यव्यवस्थेचा आढावा घेतला. तिचा अहवाल १९४६ चा. त्यात नोंदवलेले डॉक्टर आहेत सुमारे ४७,५००. त्यांतले पदवीधर १७,६०० च्या आसपास, आणि बाकीचे जवळजवळ ३०,००० हे परवानाधारक! म्हणजे दर पाच डॉक्टरांत तीन जण या धाकट्या शिक्षणाचे. तरीही समितीने बहुमताने शिफारस केली, की यापुढे देशात एकाच प्रकारचा डॉक्टर तयार व्हावा, पदवीधर. सहा सदस्यांनी मतभेद नोंदवला. खेड्यांची गरज इतकी मोठी आहे, की परवानाधारकांचे शिक्षण बंद करू नये, असे त्यांचे म्हणणे होते. ते मान्य झाले नाही. पुण्याची शाळा १९४६ मध्ये कॉलेज झाली. इतर ठिकाणच्या शाळाही एक तर वरच्या पायरीवर चढल्या, नाही तर मिटल्या.

हा निर्णय चूक होता असे सरसकट म्हणता येणार नाही. गरिबाला अर्धा डॉक्टर आणि श्रीमंताला पुरा डॉक्टर, ही वाटणी स्वतंत्र देशाला कशी पटावी? पण एक गोष्ट राहून गेली. कागद बंद झाला, काम बंद झाले नाही. गावातला ताप, बाळंतपण, विंचूदंश हे सगळे होते तिथेच राहिले.

मराठवाड्यात तर ही उणीव अधिक जाणवली. इथल्या मराठी मुलाला डॉक्टर व्हायचे तर हैदराबाद गाठावे लागे, आणि उस्मानिया विद्यापीठात ते शिक्षणही उर्दूतून. औरंगाबादला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले ते १९५६ मध्ये. आपल्या सर्वांच्या तोंडी असलेली ‘घाटी’ ती हीच. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. म्हणजे मुंबई-पुण्यात वैद्यकीय शिक्षणाची शंभर वर्षे उलटून गेल्यावर आपल्याकडे पहिली पायरी बांधली गेली. तोवर, आणि त्यानंतरही कित्येक वर्षे, तालुक्याच्या गावी औषधपाण्याची भिस्त कंपाउंडरवरच होती.

आणि कंपाउंडरचे शिक्षण? काही प्रांतांत कंपाउंडरची सरकारी परीक्षा होत असे, पण बहुतेक जण दवाखान्यात झाडलोट करता करता बघून शिकत. १९३० मध्ये नेमलेल्या चोप्रा समितीने औषधांच्या धंद्यातल्या या अंदाधुंदीवर बोट ठेवले. १९३२ मध्ये प्रा. महादेव लाल श्रॉफ यांनी बनारस हिंदू विद्यापीठात औषधनिर्माणशास्त्राचे शिक्षण सुरू केले. तरी भोर समितीच्या अहवालात साऱ्या देशातल्या शिक्षित फार्मासिस्टांचा आकडा दिसतो तो फक्त ७५! चाळीस कोटींच्या देशात पंच्याहत्तर. बाकीच्या लाखो बाटल्या भरल्या त्या बघून शिकलेल्या हातांनी.

मग आला १९४८ चा फार्मसी कायदा. तो राज्याराज्यांत टप्प्याटप्प्याने लागू झाला. फार्मासिस्टचे शिक्षण ठरले, परीक्षा ठरली, राज्याच्या नोंदवहीत नाव घालणे आले. त्या वेळी जुन्या कंपाउंडरांचे काय करायचे हा प्रश्न उभा राहिला. कायद्याने माणुसकीचा मार्ग काढला. ठरलेल्या तारखेपूर्वी डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून औषधे तयार करण्याचे काम ज्याने किमान पाच वर्षे केले असेल, त्याचे नाव पहिल्या नोंदवहीत घ्यावे, अशी तरतूद झाली. अनुभवाला कागद मिळाला, आणि दार पुढच्यांसाठी शिक्षणाच्या अटीवर उघडे राहिले. परवानाधारकांच्या बाबतीत दार बंद झाले होते. इथे मात्र खालच्या पायरीवरच्या माणसाला वर यायला शिडी ठेवली गेली. मला हा कायदा म्हणूनच मोलाचा वाटतो.

अर्थात शिडीतही एक फट होती. नोंदणी झालेल्या फार्मासिस्टखेरीज इतर कोणी औषधे देऊ नयेत, हे कलम प्रत्यक्ष अमलात आले १९८४ मध्ये. त्यातही डॉक्टरने स्वतःच्या रोग्यांना औषध देण्याला सूट राहिली. त्यामुळे औषधाच्या दुकानात शिकलेला माणूस आला, पण दवाखान्याच्या खिडकीमागचा मदतनीस कायद्याच्या नजरेबाहेरच राहिला. मिक्श्चरच्या बाटल्या गेल्या, कारखान्यात तयार झालेल्या गोळ्यांची पाकिटे आली, कंपाउंडर हे नावही गेले. तरी इंजेक्शनची तयारी करणारा, पट्टी बांधणारा, रक्तदाब मोजून ठेवणारा माणूस आजही तिथे आहेच.

कागदाशिवाय शिक्षण होऊ शकत नाही का? होऊ शकते, आणि त्याचे उदाहरण आपल्या शेजारीच आहे. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केले. त्यांनी निवडल्या गावातल्याच बायका, पुष्कळशा निरक्षर. त्यांना एकदाच शिकवून सोडून दिले नाही. पुन्हा पुन्हा बोलावून, त्यांच्या गावात काय घडले ते त्यांच्याच तोंडून ऐकून शिकवले. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या आरोग्यदूतांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले: ३९ गावांत नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. २००५ पासून देशभर आलेल्या ‘आशा’ कार्यकर्तीच्या मागे या अनुभवांचे बळ आहे. पण इथेही शिकवणारा होता, तपासणारा होता आणि प्रत्येकीच्या कामाची नोंद होती. कागद नव्हता, शिस्त होती.

आज चित्र उलट दिसते. कागद पुष्कळ आहेत. आपल्या शहरात मोठी रुग्णालये उभी राहिली आहेत. त्यांना शस्त्रक्रियागृहातले साहाय्यक हवेत, डायलिसिसचे तंत्रज्ञ हवेत, प्रयोगशाळेत आणि क्ष-किरण विभागात माणसे हवीत. डॉक्टरच्या हाताखाली काम करणाऱ्या ‘फिजिशियन असिस्टंट’चा अभ्यासक्रम अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात १९६५ मध्ये सुरू झाला आणि १९९२ मध्ये मद्रासमध्ये आला. या सगळ्या कामांना एका छत्राखाली आणणारा राष्ट्रीय कायदा मात्र संसदेने केला तो २०२१ मध्ये. त्यात संबंधित व्यवसायांचे दहा गट केले आहेत आणि प्रत्येकाचे शिक्षण, परीक्षा व नोंदणी ठरवण्याची व्यवस्था आहे. १८४६ पासून मोजले तर पावणेदोनशे वर्षे लागली.

या पावणेदोनशे वर्षांचा धडा सिल्लोड, कन्नड, पैठणहून शहरात येणाऱ्या मुलामुलींना आणि त्यांच्या आईबापांना उपयोगी पडावा. सहा महिन्यांत नोकरीची हमी देणाऱ्या पाट्या रस्तोरस्ती लागतात. कापूस विकून आलेले पैसे फीमध्ये जातात. फी भरण्यापूर्वी तीनच प्रश्न विचारा. शिकवणार कोण, आणि प्रत्यक्ष रुग्णालयात किती दिवस काम करायला मिळणार? परीक्षा कोण घेणार? ती संस्था स्वतःच घेणार, की आरोग्य विद्यापीठ, तंत्रशिक्षण मंडळ, राज्याचे कौशल्य मंडळ यांपैकी कोणी? आणि उत्तीर्ण झाल्यावर माझे नाव कोणत्या परिषदेच्या नोंदवहीत लागणार? शिकवणारा, परीक्षा घेणारा आणि कागदावर सही करणारा एकच असेल, तर त्या कागदाला फारसे वजन नाही, हे खुशाल समजावे.

हे प्रश्न नोकरीपुरते नाहीत. आपण रुग्णालयात जातो तेव्हा डॉक्टर पाच मिनिटे भेटतात. बाकीचा दिवस आणि सारी रात्र आपला माणूस या साहाय्यकांच्या हाती असतो. सलाईनचा वेग तेच बघतात, रक्ताच्या बाटलीवरचे नाव तेच वाचतात. ग्रेन आणि ड्रॅम गेले, पण खूण चुकीची वाचली तर काय होते, ते बदललेले नाही. म्हणून त्यांचा कागद खरा असणे ही त्यांच्याइतकीच आपलीही गरज आहे.