मोलची कुळकथा

मोल शिकवताना पुस्तकं आधी 6.022 × 10²³ हा आकडा समोर ठेवतात आणि मुलं तिथेच बिचकतात. खरं तर हा आकडा या घराण्यातलं शेंडेफळ आहे. वजनांची गुणोत्तरं त्याच्या कितीतरी आधीची.

एकटा अणू तोलता येत नाही. म्हणून मँचेस्टरच्या जॉन डाल्टनने सगळ्यात हलका हायड्रोजन 1 धरला आणि बाकीचे त्याच्या पटीत मांडले. पण पाण्यात दोन्ही मूलद्रव्यांचा एकेकच अणू असतो असं त्याने गृहीत धरलं, त्यामुळे 1808 साली त्याच्या तक्त्यात ऑक्सिजनचं वजन 7 लागलं. यावरचा तोडगा 1811 मध्ये आमेदेओ आवोगाद्रोने दिला: तापमान आणि दाब सारखे असतील, तर सारख्या आकारमानाच्या वायूंत रेणूंची संख्याही सारखीच. म्हणजे वायू भरलेली भांडी तोलली की रेणूंच्या वजनांचं गुणोत्तर हाती! तरी जवळजवळ पन्नास वर्षं फारसं कुणी लक्ष दिलं नाही. 1860 मध्ये कार्ल्सरूहेच्या परिषदेत स्तानिस्लाओ कान्निझारोने ते हिरिरीने मांडलं, तेव्हा आवोगाद्रो हयात नव्हता.

'मोल' हे नाव रूढ केलं विल्हेल्म ओस्टवाल्डने, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. त्या वेळी त्याचा अणूंवर विश्वासच नव्हता! त्याच्या लेखी मोल म्हणजे रेणुभाराइतके ग्रॅम, बस्स. मला ही या कथेतली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते, कारण मोलचा हिशेब संख्येवाचूनही चोख चालतो.

संख्या काढली ती पॅरिसच्या जाँ पेराँने. गॅम्बोज हा रंगासाठी वापरला जाणारा पिवळा डिंक. त्याचे एकसारख्या आकाराचे कण हवेत म्हणून पेराँने किलोभर डिंक महिनोन्‌महिने गरागरा फिरवून वेगळा केला. हाती आले जेमतेम ग्रॅमच्या काही दशांश. हे कण पाण्यात सोडले की वजन त्यांना खाली ओढतं आणि पाण्याच्या रेणूंचे धक्के वर ठेवतात. त्यामुळे उंचीबरोबर ते विरळ होत जातात, जशी डोंगरावरची हवा. सूक्ष्मदर्शकाखाली थराथरातले कण मोजून त्याने मोलमधल्या रेणूंची संख्या काढली. ती 7 × 10²³ च्या आसपास आली. 1909 मध्ये या संख्येला आवोगाद्रोचं नाव द्यावं असं त्यानेच सुचवलं. त्याच सुमारास ओस्टवाल्डनेही अणू मान्य केले.

20 मे 2019 पासून मोलची व्याख्या उलटी झाली. आधी ग्रॅम पक्के असत आणि संख्या मोजावी लागे. आता 6.02214076 × 10²³ ही संख्या पक्की ठरवलेली आहे आणि कार्बन-12 च्या एका मोलचं वस्तुमान नेमकं 12 ग्रॅम भरतं का, हे प्रयोगाने मोजायचं असतं.