वादळाआधीचे घर आणि कोठा

चंद्रपूरच्या पूर्वेस सुमारे ४५ किलोमीटरवर असलेले मूल हे धानाच्या बांद्या, मामा तलाव आणि जंगल यांनी वेढलेले तालुक्याचे ठिकाण. बंगालचा उपसागर येथून चारशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. त्यामुळे किनाऱ्यावर थैमान घालणारे चक्रीवादळ येथपर्यंत येते ते शक्ती ओसरून, बहुधा पावसाच्या रूपाने. २०२५ च्या ऑक्टोबरअखेरीस आंध्रच्या किनाऱ्यावर धडकलेल्या ‘मोंथा’चे अवशेष पूर्व विदर्भापर्यंत पोहोचले, तेव्हा धान कापणीचे दिवस होते. अशा वेळी बांधीत पसरलेल्या कडपा भिजल्या की दाण्याला कोंब फुटतात. म्हणून आकाश भरून आले की घरातील लहानथोर सारे कडपा बांधून उंच जागी पुंजणे रचण्यास धावतात.

घरादारास खरा धोका असतो तो मात्र एप्रिल ते जून या काळातील वळवाच्या वादळांचा. पारा ४५ अंशांच्या घरात गेलेला असताना उपसागरावरून बाष्प आले की दुपारनंतर ढगांचे उंच मनोरे उभे राहतात. त्यांतून कोसळणारी थंड हवा जमिनीवर आदळून चहूकडे फाकते. हा वारा अर्धा-पाऊण तासच टिकतो, पण तेवढ्यात छपरे उडतात.

रोहिणी नक्षत्र लागण्यापूर्वी, म्हणजे २५ मेच्या आत, घर शाकारून घेण्याची रीत त्यामुळेच पडली. कवेलू उतरवून फुटके बाजूला काढणे, वाळवीने पोखरलेले फाटे बदलणे आणि कवेलू पुन्हा बसवणे ही कामे घरचेच लोक करतात. वानरांच्या उड्यांनी कवेलू दरवर्षी फुटतातच, तेव्हा हे काम चुकवता येत नाही. टिनपत्र्यांनी ही कटकट संपवली, हे खरे; पण वादळात कवेलू सुटे सुटे निसटतात, तर पत्रा अख्खा उडतो. पत्र्यावर दगड ठेवण्याची सवय तर अधिकच घातक, कारण पत्र्यासह ते दगडही खाली येतात. हुकाच्या बोल्टने पत्रा आड्याला घट्ट आवळणे हाच त्यावरील उपाय आहे.

जनावरांचा कोठा घराहून आधी उडतो. तो एका बाजूने उघडा असल्याने वारा आत शिरून छपराला खालून उचलतो, तर वरून जाणारा वारा ते ओढून घेतो. वाऱ्याची बाजू कुडाने वा ताट्यांनी बंद केली तर हा जोर बराच कमी होतो. तणस जमिनीपासून उंच माचीवर रचतात. भिजलेल्या तणसाला बुरशी लागली की जनावरे तोंड लावत नाहीत आणि पावसाळाभर चाऱ्याची ओढ सोसावी लागते. घटसर्प व फऱ्या या रोगांच्या लसी पावसाळ्यापूर्वी टोचून घेणे हाही याच तयारीचा भाग होय.

येथे एक पेच आहे, जो किनारपट्टीवरील शेतकऱ्यास सहसा पडत नाही. मोडकळीला आलेल्या कोठ्यात बांधलेली जनावरे भिंत कोसळल्यास दाव्यालाच अडकून मरतात. म्हणून वादळाआधी दावी सोडावीत, असा सल्ला सर्वत्र दिला जातो. मूल तालुक्यात मात्र रात्री सुटलेली गाय जंगलाच्या कडेला गेली की वाघ-बिबट्यांच्या तावडीत सापडते, आणि तिला शोधण्यास जाणाऱ्या माणसाचाही जीव धोक्यात येतो. त्यामुळे दावे सोडायचे, पण काटेरी कुंपणाने बंदिस्त केलेल्या सांदवाडीतच, हा मध्यममार्ग अधिक शहाणपणाचा ठरतो. अर्थात कुंपण आधी दुरुस्त असले पाहिजे!

विजेचे भय वेगळेच. झाडाखाली गोळा झालेली गुरे एकाच वेळी दगावतात, ती वीज प्रत्येकावर पडते म्हणून नव्हे. झाडावर पडलेली वीज जमिनीत पसरते आणि पुढील व मागील पायांमधील अंतर जास्त असल्याने प्रवाह जनावराच्या हृदयातून जातो. ढग गडगडू लागताच गुराख्याने कळप झाडापासून दूर नेला पाहिजे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे मोबाइल अ‍ॅप परिसरातील विजेची पूर्वसूचना देते; अर्थात रानात मोबाइलला रेंज असेल तरच.

नुकसान झालेच तर पंचनाम्याला महत्त्व येते. केंद्राने २०२२ ते २०२६ या काळासाठी ठरवलेल्या निकषांत दुभत्या गाय-म्हशीमागे ३७,५०० रुपये, बैलामागे ३२,००० रुपये आणि शेळीमागे ४,००० रुपये अशी मदत धरली होती. मोठ्या जनावरांना संख्येची मर्यादाही होती. मृत जनावर पुरण्यापूर्वी तलाठी व पशुवैद्यकीय अधिकारी यांना कळवणे आवश्यक असते. घाईने पुरल्यास पुरावा जातो आणि दाव्याची फाइल तेथेच अडते.