भ्यालेले सेवक



२२ मार्च २०२० हा उपवासकाळातला चौथा रविवार होता. त्या दिवशी जनता कर्फ्यू होता आणि संध्याकाळी ५ वाजता देशभर डॉक्टर-नर्सेससाठी टाळ्या-थाळ्या वाजल्या. त्याच दिवशी भोपाळमध्ये कोरोनाचा पहिला रुग्ण सापडला. पुढच्या काही आठवड्यांत तिथली रुग्णांची यादी वाढली, तेव्हा तिच्यात मोठा भरणा आरोग्य खात्यातल्याच माणसांचा होता. ज्यांनी आजार अडवायचा, तेच आधी आडवे झाले.

त्या दिवसांत भोपाळच्या जे.पी. रुग्णालयातल्या एका डॉक्टरांचा फोटो सगळीकडे फिरला. ड्यूटी संपली की ते घरी न जाता स्वतःच्या गाडीत झोपत. घरी पत्नी आणि लहान मूल. आपल्यामुळे त्यांना लागण होऊ नये एवढीच चिंता. लोकांनी त्यांना वीर म्हटलं. आम्हाला मात्र त्या फोटोत आधी भीती दिसते, आणि म्हणूनच तो आम्हाला जवळचा वाटतो. शेजारच्या इंदूरमध्ये एप्रिलच्या सुरुवातीला टाटपट्टी बाखळ वस्तीत तपासणीला गेलेल्या पथकावर दगडफेक झाली. त्या पथकातल्या दोन महिला डॉक्टर लगेच पुन्हा त्याच वस्तीत गेल्या.

भोपाळला अशी रात्र नवी नव्हती. २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथिल आयसोसायनेट सुटला. हमीदिया रुग्णालयात जळजळणारे डोळे घेऊन, धापा टाकत माणसं येत राहिली. वायू कोणता, त्यावर उतारा काय, हे तिथल्या डॉक्टरांना धड कोणी सांगितलं नाही. डोळे धुवायचे, थेंब घालायचे, ऑक्सिजन द्यायचा. हाताशी होतं ते केलं. त्या रात्रीतून वाचलेल्या अनेकांची फुप्फुसं कायमची अधू झाली, आणि ३५ वर्षांनी भोपाळात कोरोनाचे जे पहिले बळी गेले त्यांत बहुतेक हेच वायुपीडित होते. त्यांच्यासाठी उभारलेलं भोपाळ मेमोरियल हॉस्पिटल मार्चमध्ये फक्त कोविडसाठी राखून ठेवलं गेलं होतं. न्यायालयात दाद मागितल्यावर एप्रिलमध्ये तो हुकूम मागे घेतला गेला. टाळ्यांच्या आवाजात ही गोष्ट फारशी कोणी ऐकली नाही.

धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलं आम्हाला विचारतात, देवावर विश्वास असेल तर भीती का वाटते? आम्ही त्यांना गेथशेमानेच्या बागेत नेतो. प्रभू येशू तिथे व्याकूळ झाला. हा प्याला टळावा अशी त्याने पित्याकडे विनवणी केली, आणि मग उठून पुढे गेला. त्याचं भिणं शुभवर्तमानकारांनी लपवलं नाही, मग आम्ही कशाला लपवावं?

२७ मार्च २०२० च्या संध्याकाळी पोप फ्रान्सिस पावसात, रिकाम्या सेंट पीटर चौकात उभे होते. जवळच रोममधला तो जुना क्रूस होता, १५२२ च्या प्लेगमध्ये रस्त्यांतून मिरवलेला. वादळात घाबरलेल्या शिष्यांवर ते बोलले, आणि डॉक्टर-नर्सेसबरोबर त्यांनी सफाई कामगारांचीही आठवण केली.

आपल्या विश्वासूंच्या प्रार्थनेत सफाई कामगार, वॉर्डबॉय, ॲम्ब्युलन्सचे चालक यांचा उल्लेख क्वचितच होतो. येत्या रविवारच्या प्रार्थना लिहायला बसाल तेव्हा त्यांच्यापासूनच सुरुवात करा. आपल्या धर्मग्रामातल्या ज्या नर्सेस त्या रविवारी रात्रपाळीला असतील, त्यांची नावं शनिवारपर्यंत आमच्याकडे द्या.