पद्मिनीच्या शेपटीवरचं लढाऊ विमान

काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीच्या मागच्या मडगार्डवरून हात फिरवत डिकीकडे आलं, की पत्र्याला एक कड लागते. मडगार्ड तिथं हलकेच वर उचललेला असतो आणि टेललाइटपाशी टोकदार होऊन थांबतो. ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत लोक या गाडीला ‘फियाट’च म्हणत आले. पण ती कड पद्मिनी जिथं बनली त्या कुर्ल्याची नाही आणि मुळात इटलीचीही नाही. माझ्या मते ती एका अमेरिकन लढाऊ विमानाची शेपटी आहे.

ते विमान म्हणजे लॉकहीडचं पी-38. त्याला दोन शेपट्या होत्या आणि त्यांवर दोन उभे पंख. अमेरिका महायुद्धात उतरण्यापूर्वी जनरल मोटर्सचा स्टायलिंगप्रमुख हार्ली अर्ल आपल्या माणसांना घेऊन डेट्रॉइटजवळच्या सेल्फ्रिज तळावर ते पाहायला गेला. विमान गुप्त होतं, म्हणून लांबूनच पाहावं लागलं. युद्ध संपलं आणि जनरल मोटर्सच्याच 1948 च्या कॅडिलॅकच्या मागच्या मडगार्डांवर दोन छोटे पंख आले. पंखाच्या टोकाला टेललाइट होता आणि डावा टेललाइट उचलला की खाली पेट्रोल भरायचं तोंड! चैन कशी लपवून ठेवावी, हे त्या कारागिरांना नेमकं कळलं होतं. या पंखांचं श्रेय अनेक जण अर्लच्या हाताखालच्या फ्रँक हर्शीला देतात. माझा कौल असा, की नजर अर्लची आणि हात हर्शीचा.

पुढची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. पंख वाढत गेले, 1959 च्या कॅडिलॅकवर कळसाला पोचले आणि साठचं दशक अर्धं सरेपर्यंत अमेरिकेतून गेलेही.

मग ते कुर्ल्याला कसे आले? सोपं उत्तर असं, की वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कारखान्याचा पहिला भागीदारच अमेरिकन होता. 1947 पासून तिथं क्रायस्लरच्या डॉज आणि प्लिमथ जोडल्या जात होत्या आणि पंखांचं वेड सर्वांत पुढे नेलं ते क्रायस्लरच्या व्हर्जिल एक्सनरनं. पंखांमुळे गाडी आडव्या वाऱ्यात स्थिर राहते, असा त्या कंपनीचा दावा होता. उत्तर आकर्षक आहे, पण मला ते पटत नाही. पद्मिनीचा साचा फियाटचा. तिचं अंग 1957 च्या फियाट 1200 ग्रानलुचेवरून आलं आणि एक्सनरचे उंच पंखही 1957 च्याच मॉडेलांवर दिसले. पत्र्याचे डाय बनवायला जो काळ लागतो तो धरला, तर फियाटच्या तुरीनमधल्या कारागिरांपुढे नमुना त्याआधीचा, म्हणजे कॅडिलॅकचाच असणार. बुटका पंख आणि त्याच्या शेवटाला दिवा, ही ठेवणही तीच आहे.

दुसरा तर्क असा, की पंख रिव्हर्स घेताना गाडीचा कोपरा दिसावा म्हणून आहेत. मर्सिडीजनं 1959 मध्ये आपल्या पंखांचं समर्थन असंच केलं होतं. सोय खरी, पण ती पंख आल्यानंतर सुचलेली. ग्रानलुचे त्याच्या दोन वर्षं आधीची आहे.

आता सर्वांत नवलाची गोष्ट. इटलीत 1966 ला फियाटची 1100 आर आली आणि तिची शेपटी सरळ कापलेली होती. डेट्रॉइटनं तोवर पंख टाकलेच होते. कुर्ल्यात मात्र ग्रानलुचेच्या अंगाची पंखवाली 1100 डी नुकतीच, 1964 मध्ये, सुरू झाली होती. तीच पुढे आधी प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी झाली आणि विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत निघत राहिली. याला हौस कारण नव्हती. परवान्यांच्या राज्यात नवे डाय आणणं महाग आणि अवघड होतं. गिऱ्हाईक वर्षानुवर्षं नंबर लावून बसलेलं, मग पत्रा बदलायचा कशाला? स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर आणि पुढची सलग सीट, ही अमेरिकेत रुळलेली चैनही तशीच राहिली आणि पुढे तिसरा माणूस बसवायला आपल्याकडे फार उपयोगी पडली.

प्रीमियरनं बिनपंखाची एक नवी गाडी काढली ती आमच्या बाजूला, कल्याणच्या कारखान्यात. नव्वदच्या दशकात तिथं प्यूजो 309 तयार होऊ लागली. पण कामगारांचे तंटे पेटले, 1997 मध्ये प्यूजो बाहेर पडली आणि डोंबिवलीत प्रीमियर हे नाव पुढे मैदानापुरतं लोकांच्या तोंडी राहिलं. कुर्ल्याची जुनी पद्मिनी या नव्या गाडीनंतरही काही वर्षं निघत होती.

मुंबईच्या टॅक्सींतून पद्मिनी 2023 च्या ऑक्टोबरमध्ये निवृत्त झाली. आता हौशी लोक जुन्या पद्मिनी शोधून नव्यानं उभ्या करतात. गाडी डेंटर-पेंटरकडे टाकताना त्यांनी एवढं सांगावं, की पुट्टी भरून मागची कड गोल करू नका. तो पत्रा ठोकून सरळ करा, पण धार ठेवा.