एफपीजीए चिपची पिन 'ऐकते' कशी? इनपुटची सेटिंग चुकली तर नेमकं काय होतं?

नागपूरच्या व्हीएनआयटीसह राज्यातल्या अनेक इंजिनीअरिंग कॉलेजांत इलेक्ट्रॉनिक्सचे विद्यार्थी एफपीजीए चिपवर प्रयोग करतात. साध्या चिपचं काम कारखान्यातच ठरलेलं असतं. एफपीजीएचं तसं नाही. तिच्या पोटात लॉजिकचे हजारो छोटे तुकडे असतात आणि त्यांना जोडणाऱ्या तारांचं जाळं असतं. कोणता तुकडा कुणाला जोडायचा, हे आपण लिहिलेली फाइल ठरवते. उद्या काम बदललं तर नवी फाइल भरायची, चिप तीच. झायलिंक्स या अमेरिकी कंपनीने १९८५ मध्ये अशी पहिली चिप बाजारात आणली. २०२२ पासून ही कंपनी एएमडीच्या मालकीची आहे.

वर्गात भर असतो तो आतल्या लॉजिकवर. पण बाहेरचा सिग्नल चिपमध्ये शिरतो पिनमधून, आणि ही पिन म्हणजे नुसती तार नसते. तिच्यामागे एक छोटं सर्किट असतं. येणाऱ्या व्होल्टेजला '०' म्हणायचं की '१', हे ते ठरवतं. हे सर्किट कसं वागेल, तेही आपणच सांगायचं असतं. प्रोग्रॅम बिनचूक असूनही प्रयोग फसतो, तेव्हा बऱ्याचदा दोष इथे सापडतो.

० कुठे संपतो, १ कुठे सुरू होतो?

आर्टिक्स-७ ही शिकाऊ बोर्डांवर नेहमी दिसणारी चिप. तिच्या पिनला 'एलव्हीसीमॉस३३' हे मानक दिलं, तर ०.८ व्होल्टपर्यंतचा सिग्नल ० धरला जातो आणि २ व्होल्टच्या वरचा १. मधल्या पट्ट्यात कसलीच हमी नाही. मानक १.८ व्होल्टचं निवडलं की या सीमाही खाली सरकतात.

इथे एक गोष्ट बहुतेकांच्या उशिरा लक्षात येते. चिपच्या पिना गटांत विभागलेल्या असतात. या गटाला 'बँक' म्हणतात आणि प्रत्येक बँकेला बोर्डावरून ठरावीक व्होल्टेज दिलेलं असतं. ते बोर्ड बनवतानाच ठरतं. फाइलमध्ये १.८ लिहिलं म्हणून ३.३ व्होल्टची बँक १.८ची होत नाही. फाइल फक्त चिपला सांगते की 'तुला एवढं व्होल्टेज मिळतंय असं समज.' ही माहिती खोटी निघाली, तर चिप तिच्यावर विश्वास ठेवूनच चुकते.

पाच व्होल्टचा घोळ

प्रोजेक्टच्या दिवसांत बर्डीवरच्या दुकानातून अंतर मोजणारा एचसी-एसआर०४ सेन्सर आणला जातो. स्वस्त आणि सोपा. पण तो ५ व्होल्टवर चालतो आणि उत्तरही ५ व्होल्टमध्येच देतो. आर्टिक्स-७च्या पिनला ३.३ व्होल्टच्या बँकेत जेमतेम ३.४५ व्होल्टपर्यंतच सिग्नल द्यायचा असतो. ५ व्होल्ट थेट जोडले, तर पिनमधले संरक्षक डायोड जास्तीचा प्रवाह आपल्या अंगावर घेतात. कधी काहीच होत नाही, आणि खरा धोका त्यातच आहे, कारण मुलांना वाटतं की जोडणी बरोबर आहे. पुढे कधीतरी ती पिन, कधी अख्खी चिप बंद पडते. कॉलेजच्या बोर्डाची किंमत काही हजारांत असते, आणि तो बऱ्याचदा सबमिशनच्या आठवड्यातच जातो.

यावर उपाय दोन रेझिस्टरचा आहे. सेन्सर आणि पिनच्या मध्ये १ किलोओहम, पिन आणि ग्राउंडच्या मध्ये १.८ किलोओहम. ५ व्होल्टचे साधारण ३.२ होतात. कोणतीही सॉफ्टवेअर सेटिंग हे काम करू शकत नाही.

पिन मोकळी सोडली तर?

कशालाच न जोडलेली इनपुट पिन ० वर राहत नाही, ती तरंगते. जवळ बोट नेलं तरी एलईडी लुकलुकू लागतो. म्हणून पिनमध्येच पुल-अप किंवा पुल-डाउन असा एक कमकुवत रेझिस्टर चालू करायची सोय असते. पहिला पिनला १ कडे ओढतो, दुसरा ० कडे. बटणासारख्या साध्या कामाला तो पुरतो. लांब तार असेल तर बाहेरून रेझिस्टर लावलेला बरा.

नागपूरच्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत अंगावर साठणारी स्थिर वीज हाही पिनांचा शत्रू आहे. पिनला हात लावण्याआधी ग्राउंड केलेल्या धातूला स्पर्श करावा.

'एरर घालवायची युक्ती' का वापरू नये?

झायलिंक्सच्या विवाडो सॉफ्टवेअरमध्ये पिनचं मानक लिहायचं राहिलं, तर शेवटची फाइल तयारच होत नाही, एरर येते. इंटरनेटवर यावर झटपट तोडगा मिळतो: एक ओळ टाकून एररचं रूपांतर साध्या इशाऱ्यात करा. फाइल तयार होतेही. पण ती एरर मुद्दाम ठेवलेली आहे. चिपचं किंवा तिला जोडलेल्या भागांचं नुकसान होऊ शकतं, असं त्याच संदेशात लिहिलेलं असतं. ते वाचलंच जात नाही. बोर्ड बनवणाऱ्या कंपनीची कन्स्ट्रेंट फाइल घेऊन त्यात पिनांची नावं जुळवायला दहा मिनिटं लागतात. ती द्यावीत.

व्होल्टेज बरोबर, तरी चूक

बटण दाबण्याची वेळ चिपच्या घड्याळाशी जुळलेली नसते. घड्याळाचा ठोका आणि सिग्नलचा बदल नेमके एकाच क्षणी आले, तर आतला फ्लिप-फ्लॉप थोडा वेळ ना ० ना १ अशा अवस्थेत अडकतो. म्हणून बाहेरचा सिग्नल आधी एकामागे एक अशा दोन फ्लिप-फ्लॉपमधून नेतात. पहिला अडखळला, तरी दुसऱ्याकडे पोहोचेपर्यंत त्याला सावरायला एक ठोका मिळतो. शिवाय बटण दाबलं की आतला धातू काही मिलिसेकंद थरथरतो आणि एक दाब चिपला अनेक दाबांसारखा दिसतो. त्याचा बंदोबस्त वेगळा करावा लागतो.

बटणाच्या बाबतीत मिलिसेकंदाचा प्रश्न असतो. वेग वाढला की हाच प्रश्न नॅनोसेकंदावर येतो. पुणे जिल्ह्यातल्या खोडद इथल्या जीएमआरटी दुर्बिणीचं उदाहरण घ्या. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आकाशातून येणाऱ्या क्षीण रेडिओ लहरी पकडतात. अलीकडच्या सुधारणेनंतर या लहरींचं आकड्यांत रूपांतर झालं की ते व्हर्टेक्स-५ या एफपीजीए चिप असलेल्या बोर्डांत जातात आणि तिथून पुढे संगणकांकडे. एका वेळी ४०० मेगाहर्ट्झचा पट्टा नोंदवायचा, म्हणजे सेकंदाला ८० कोटी नमुने, दर १.२५ नॅनोसेकंदाला एक.

अशा वेगाला एकेरी तार टिकत नाही. सिग्नल दोन तारांच्या जोडीने पाठवतात आणि पिन त्या दोघींमधला फरक वाचते. एलव्हीडीएस या मानकात हा फरक साधारण ०.३५ व्होल्टच असतो. जोडीच्या शेवटी १०० ओहमचा रेझिस्टर लागतो, नाहीतर सिग्नल भिंतीवर आपटलेल्या चेंडूसारखा परततो. तो चिपच्या आतच चालू करता येतो, पण तसं फाइलमध्ये सांगावं लागतं.

बोर्डावरच्या सगळ्या तारा सारख्या लांबीच्या नसतात. त्यामुळे सिग्नल मागेपुढे पोहोचतात. त्यासाठी व्हर्टेक्स-५च्या इनपुट पिनमागे विलंबाच्या ६४ पायऱ्या आहेत. २०० मेगाहर्ट्झचं संदर्भ घड्याळ दिलं, तर एक पायरी सुमारे ७८ पिकोसेकंदांची होते. तेवढ्या वेळात सिग्नल बोर्डावर जेमतेम सव्वा सेंटीमीटर पुढे सरकतो.