ध्यासातला ‘स’

‘ध्यास’ हा शब्द आपल्या तोंडी इतका रुळलाय की तो एका मोठ्या शब्दाचा तुकडा आहे, हे जाणवतही नाही. त्याचं पूर्ण रूप निदिध्यास.

बृहदारण्यक उपनिषदात घर सोडून निघालेला याज्ञवल्क्य मैत्रेयीशी बोलतो, त्या संवादात हा शब्द भेटतो. आत्म्याविषयी ऐकायचं, त्याचं मनन करायचं, मग निदिध्यासन. पुढे वेदान्त्यांनी याच तीन पायऱ्या पक्क्या केल्या.

आता शब्द उकलून पाहू. मूळ धातू ‘ध्यै’, ज्यातून ध्यान आलं. संस्कृतात ‘करावंसं वाटणं’ दाखवायचं तर धातूच्या सुरुवातीची द्विरुक्ती होते आणि शेवटी ‘स’ लागतो. ‘ज्ञा’पासून जिज्ञासा, म्हणजे जाणण्याची इच्छा. ‘पा’पासून पिपासा, पिण्याची इच्छा. तसंच ‘ध्यै’पासून दिध्यास. मराठीनं पुढचा ‘नि’ टाकला, द्विरुक्तीचा ‘दि’ही टाकला, ‘स’ मात्र जपला. सगळी ओढ त्या एका अक्षरात आहे. म्हणून तर ध्यान लागलं की मन निवतं आणि ध्यास लागला की झोप उडते.

दासबोधात श्रवण-मननाच्या जोडीला ‘निजध्यास’ येतो. ‘निदि’चं ‘निज’ झालं, आणि ‘निज’ म्हणजे आपलं, स्वतःचं. उच्चार बदलला खरा, पण मला हा बदल फार मोलाचा वाटतो. दुसऱ्याच्या सांगण्यावरून कुणाला ध्यास लागल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

क्रियापदंही पाहा. वेड लागतं, नाद लागतो, तहान लागते. तिथे आपला इलाज नसतो. व्रत आणि वसा मात्र आपण घेतो. ध्यास लागतोही आणि घेतलाही जातो. तहानेची तगमग आणि व्रताचा निश्चय त्यात एकत्र नांदतात.

हे दोन्ही एका माणसात पाहायचं तर मला इतिहासाचार्य राजवाडे आठवतात. मराठ्यांच्या इतिहासाच्या अस्सल कागदांसाठी ते गावोगाव फिरले. कुणाच्या वाड्यात बांधून पडलेलं दप्तर सोडायचं, कसरीनं खाल्लेला मोडी कागद हलक्या हातानं उलगडायचा, वाचायचा, उतरवून घ्यायचा, की पुढचं गाव. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली निघाला, खंडांची संख्या पुढे बावीसवर गेली. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं, तेही त्यांच्याच पुढाकारानं.

कागदांइतकीच त्यांना शब्दांच्या मुळांची ओढ होती. मराठीतले धातू आणि नामांच्या व्युत्पत्ती ते टिपत राहिले. १९२६ च्या अखेरीस धुळ्यात त्यांचं निधन झालं, तेव्हा हे काम हस्तलिखितातच होतं. धातुकोश छापून आला तो त्यांच्यामागे.